अडीचशे सोडून पन्नास

१९०८ साली कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवणाऱ्या एका गोमंतकीय अध्यापकापुढे दोन वाटा होत्या. पहिली कलकत्त्यातच राहण्याची. त्या वाटेवर दरमहा अडीचशे रुपये होते, प्रतिष्ठा होती आणि सर आशुतोष मुखर्जींसारख्या कर्तबगार कुलगुरूंचा पाठिंबा होता. दुसरी वाट बडोद्याहून आली होती. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावे, दरवर्षी बडोदे सरकारसाठी एक पुस्तक लिहावे, आणि त्याबद्दल तीन वर्षे दरमहा पन्नास रुपये घ्यावेत, असे सयाजीराव गायकवाड महाराजांचे सांगणे होते. अध्यापकाचे वय तेव्हा बत्तिशीच्या आसपास. शाळा-महाविद्यालयाची पदवी नाही, घरी बायको आणि दोन लहान मुले, पदरी साठवलेला पैसा नाही. अशा स्थितीतल्या माणसाने काय करावे, हे सांगायला कोणा व्यवहारचतुर माणसाची गरज नव्हती. मुखर्जींनीही कलकत्ता न सोडण्याविषयी त्यांना परोपरीने समजावले. अध्यापकाने पन्नास रुपये घेतले.

हे अध्यापक म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी. गोव्यात त्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाचे कर्ते म्हणून ते सर्वत्र ओळखले जातात. त्यांच्या आयुष्याकडे बहुधा साहसकथा म्हणून पाहिले जाते: घर सोडले, अनवाणी हिंडले, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, शेवटी अमेरिका. ते सारे खरेच आहे. पण या भ्रमंतीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक विचार करण्याजोगे आहे ते त्यांनी नाकारलेल्या गोष्टींचे चरित्र. हाती आलेले पद, पैसा किंवा स्थैर्य त्यांनी एकदा नव्हे, पुन्हापुन्हा बाजूला ठेवले. आणि प्रत्येक वेळी ते वैराग्याच्या भरात घडले, असे म्हणता येत नाही.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी साखवाळ या गावी त्यांचा जन्म झाला. वडील दामोदर, आई आनंदीबाई. पाच बहिणी आणि दोन भाऊ अशा भावंडांत धर्मानंद सर्वांत धाकटे. माडांच्या बागायतीवर चालणारे सारस्वत घर. प्रकृती नाजूक, शिक्षण तुटक. पोर्तुगीज अमलाखालच्या त्या काळच्या गोव्यात मराठी शिकायचे ते पंतोजीच्या शाळेत, आणि पुढचे सारे स्वतःच्या हिमतीवर. पंधराव्या वर्षी चिखलीच्या लाड घराण्यातील बाळाबाईंशी लग्न झाले. पुढे बागायतीचा भार अंगावर पडला. माडांना पाणी देणे, नारळ उतरवणे, घरातली देणीघेणी निस्तरणे हा त्यांचा दिनक्रम झाला.

या काळातल्या मनःस्थितीचे जे चित्र त्यांनी पुढे ‘निवेदन’ या आत्मकथनात रेखाटले, ते आजच्या वाचकाला चटकन ओळखीचे वाटेल. काम होत होते, पण मन त्यात नव्हते. उद्वेग यावा, घर सोडून निघून जावे, काही दिवसांनी पुन्हा परत यावे, पुन्हा तेच काम हाती घ्यावे, असे त्यांचे अनेकदा झाले. आज आपण याला ‘बर्नआउट’ म्हणतो आणि त्यावर रजा, सहल, ध्यानधारणा असे उपाय सुचवतो. कोसंबींना कळले ते वेगळेच होते. त्यांचा थकवा श्रमांचा नव्हता. त्यांच्या पुढच्या आयुष्यातले श्रम बागायतीतल्या श्रमांहून किती तरी कठोर होते आणि ते त्यांनी न कुरकुरता उपसले. थकवा होता तो आपले नव्हे अशा कामात दिवस जात असल्याचा. हा भेद लक्षात घेतला नाही तर १९०८ चा निर्णय केवळ लहरीपणा वाटेल.

‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचे एक छोटे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या मासिकातल्या काही पानांनी जे केले ते पुढे मोठमोठ्या ग्रंथांनीही केले नसेल. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा आणि तो आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगायचा, हे ध्येय त्यांच्या मनात रुजले. पण मूळ ग्रंथ पालीत, पालीसाठी आधी संस्कृत हवे, आणि संस्कृतसाठी गोव्याबाहेर जायला हवे. १८९९ च्या अखेरीस ते पुण्यास निघाले. त्याच वर्षी त्यांची थोरली मुलगी माणिक जन्मली होती.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची ओळख झाली. तेथून ग्वाल्हेर, आणि ग्वाल्हेरहून काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी गंगाधरशास्त्री तेलंग यांच्यासारख्या पंडितांजवळ व्याकरणाचा अभ्यास केला. १९०२ मध्ये नेपाळ गाठला. बुद्धाची जन्मभूमी ज्या देशात, तेथे बौद्ध धर्म जिवंत सापडेल ही आशा काठमांडूत मावळली. मग बोधगया, कलकत्ता आणि तेथून सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले. तिथल्या अन्नाने या शाकाहारी गोमंतकीयाची प्रकृती बिघडली, पण पाली हाती आली. नंतर मद्रास, ब्रह्मदेश, पुन्हा भारतातील बौद्ध तीर्थे, पुन्हा ब्रह्मदेश. सहा-सात वर्षांच्या या भ्रमंतीत घरची माणसे कशी जगत होती, याचा हिशेब चरित्रकार फारसा मांडत नाहीत. तो पुढे मांडावाच लागेल.

१९०६ मध्ये ते पुन्हा कलकत्त्यात आले तेव्हा वंगभंगाच्या चळवळीने शहर पेटले होते. राष्ट्रीय शिक्षणाचे वारे होते आणि नव्याने निघालेल्या नॅशनल कॉलेजात पाली शिकवायला माणूस हवा होता. हरिनाथ दे यांच्यासारख्या बहुभाषा जाणणाऱ्या विद्वानाने त्यांची योग्यता ओळखली. कोसंबींनी चीवर उतरवले आणि ते अध्यापक झाले. विद्यापीठातही पालीचे अध्यापन त्यांच्याकडे आले. दोन-तीन वर्षांपूर्वी भिक्षापात्र हाती घेऊन हिंडणारा हा माणूस आता देशातल्या एका अग्रगण्य विद्यापीठात मानाच्या जागी बसला होता. कोणाही सामान्य माणसाच्या चरित्राचा शेवटचा, सुखान्त अध्याय येथेच लिहिला गेला असता.

पण कलकत्त्यात ते जे शिकवत होते ते बंगाली विद्यार्थ्यांना. ज्या मराठी माणसांसाठी त्यांनी सात वर्षे पायपीट केली ती इकडे होती, आणि त्यांच्यात पालीचे अक्षरही कोणी जाणत नव्हते. सयाजीराव महाराजांचा प्रस्ताव आला तो नेमक्या या बोचणीवर बोट ठेवणारा होता. येथे त्या प्रस्तावाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. पैसा एकपंचमांश होता, हे खरे; पण मिळणार होता तो वेळ आणि स्वतःचा वाचक. रोज ठरावीक तास शिकवण्याचे बंधन नाही, कचेरी नाही, वरिष्ठ नाही. अट एकच, वर्षाला एक पुस्तक. म्हणजे जे काम त्यांना आपण होऊन करायचे होते तेच महाराजांनी अट म्हणून घातले होते! सयाजीरावांच्या गुणग्राहकतेविषयी बडोद्यात आणि बडोद्याबाहेर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण विद्वानाला काय दिले असता तो फुलतो, याची त्यांची जाण या छोट्याशा व्यवस्थेत जितकी दिसते तितकी मोठ्या देणग्यांतही क्वचितच दिसते.

कोसंबींनी पुढे स्वतःच या व्यवहाराचा ताळा मांडला. कलकत्त्यास राहिलो असतो तर पैसा अधिक मिळाला असता हे त्यांनी लपवले नाही. पण त्याचा पश्चात्तापही मानला नाही. कारण इकडे आल्यामुळेच डॉ. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठात पालीचा प्रवेश होऊ शकला, आणि इकडे आल्यामुळेच हार्वर्ड विद्यापीठाचे डॉ. जेम्स वुड्स यांची गाठ पडली. वुड्स पाली शिकण्यासाठी गुरूच्या शोधात होते. पन्नास रुपयांवर जगणाऱ्या या पंडितात त्यांना तो सापडला, आणि १९१० मध्ये त्यांच्याच निमंत्रणावरून कोसंबी अमेरिकेस निघाले. दरम्यान ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. मराठी वाचकासाठी मूळ पाली ग्रंथांच्या आधाराने कोणी तरी पहिल्यांदाच बोलू लागले होते.

हार्वर्डचे काम मोठे होते. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ म्हणजे बौद्ध साधनेचा विश्वकोशच. त्याची चिकित्सक आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने हाती घेतली होती, पण १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करण्यासाठी पालीवर जन्मजात भाषेसारखा हात चालणारा माणूस हवा होता. कोसंबींनी ते काम चोख केले. परंतु ग्रंथावर कोणाचे नाव कसे यावे, यावरून संस्कृतचे ज्येष्ठ प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. आपण केलेल्या कामाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जावे, हे कोसंबींना मान्य नव्हते. १९१२ च्या आरंभी ते सरळ निघून आले. निरिच्छ माणसे श्रेयाविषयी उदासीन असतात, अशी आपली एक गोड समजूत आहे. कोसंबी तसे नव्हते. पैसा सोडणे वेगळे आणि न्याय सोडणे वेगळे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्यानंतर सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते पालीचे प्राध्यापक होते. कुटुंब प्रथमच दीर्घकाळ एकत्र राहिले ते याच काळात. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि महाराष्ट्रातल्या पाली अध्ययनाची परंपरा खऱ्या अर्थाने येथून सुरू झाली. मुंबई-पुण्यात पुढे ज्यांनी ज्यांनी पाली शिकवली त्यांच्यातील बहुतेकांची गुरुपरंपरा मागे जाता जाता कोसंबींपाशी येऊन थांबते. कलकत्त्याच्या राजीनाम्याचे याहून ठळक फळ दाखवता येणार नाही.

१९१८ मध्ये हार्वर्डने पुन्हा बोलावले. या वेळी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर हीही बरोबर गेली. माणिकने तेथे पदवी मिळवली. दामोदर म्हणजे पुढचे थोर गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी. चार वर्षांनी हे परतले तेव्हा अमेरिकेतले स्थैर्य मागे टाकून धर्मानंद गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात अहमदाबादेस दाखल झाले. मुनी जिनविजयजी, पंडित सुखलालजी अशा विद्वानांच्या सहवासात पुरातत्त्व मंदिरात त्यांनी तीन वर्षे काम केले. १९२६-२७ मध्ये तिसऱ्यांदा हार्वर्ड, १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राड, १९३१-३२ मध्ये चौथ्यांदा हार्वर्ड. ही ये-जा पाहून एखाद्याला वाटेल की हा माणूस कोठेच टिकत नव्हता. वस्तुतः परदेशी विद्यापीठांत ते एक ठरलेले काम पुरे करायला जात, आणि काम झाले किंवा जाणूनबुजून थांबवले की परत येत. समाजवादाचा अभ्यास त्यांनी अमेरिकेत केला होता. रशियाला ते मोठ्या उत्सुकतेने गेले होते. तरी १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू होताच लेनिनग्राडची जागा त्यांना धरून ठेवू शकली नाही. शिरोड्याच्या सत्याग्रहात ते उतरले, विलेपार्ल्याच्या छावणीत त्यांनी काम केले आणि तुरुंगातही गेले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते आणि प्रकृती कधीच धडधाकट नव्हती.

आता तो हिशेब. या साऱ्या नकारांची किंमत कोसंबींनी एकट्याने मोजली नाही. सतरा-अठरा वर्षांच्या बाळाबाई तान्ह्या माणिकला घेऊन मागे राहिल्या तेव्हा पती परत येईल की नाही याचा भरवसा कोणालाच नव्हता. साताऐक वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली. अडीचशेचे पन्नास झाले तेव्हा त्या पन्नासात घर चालवण्याचे काम कोणाच्या वाट्याला आले असेल, हे सांगायला नको. पती थोरल्या दोन मुलांना घेऊन अमेरिकेस गेला तेव्हाही धाकट्या मुलींना सांभाळत त्या मागेच होत्या. आचार्यांच्या मनाचे समाधान शाबूत राहिले ते बाळाबाईंच्या खांद्यांवर. आपल्या चरित्रवाङ्मयात या खांद्यांची नोंद फार क्वचित होते. कोसंबींविषयी लिहिताना ती टाळणे तर विशेषच अन्यायाचे ठरेल, कारण कौटुंबिक कर्तव्याचा प्रश्न त्यांनी स्वतः कधी झटकून टाकला नव्हता. ‘भगवान बुद्ध’ मध्ये त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची प्रचलित कथा नाकारली. झोपलेल्या पत्नीकडे आणि बाळाकडे एकदा पाहून मध्यरात्री गुपचूप निघून जाणारा राजपुत्र त्यांना इतिहासात सापडला नाही. प्राचीन सुत्तांच्या आधाराने त्यांनी दाखवले की आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत सिद्धार्थाने घर सोडले. आणि त्यामागे शाक्य-कोलियांमधील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे कारण त्यांनी मांडले. पंडित म्हणून त्यांचे म्हणणे पुराव्यांवर उभे आहे. पण साखवाळचे घर सोडून आलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न इतकी वर्षे का घोळत राहिला असेल, असा विचार ते प्रकरण वाचताना आल्यावाचून राहत नाही.

१९४० च्या सुमारास दोन भागांत निघालेल्या त्या ग्रंथाला पुढे साहित्य अकादमीने अनेक भारतीय भाषांत नेले. त्याआधी ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ ने वाद उठवले होते. परळला गिरणी कामगार आणि दलित समाजासाठी त्यांनी बहुजन विहार सुरू केला. त्याची इमारत जुगलकिशोर बिर्ला यांच्या साह्याने १९३७ मध्ये उभी राहिली. डोक्यावर छप्पर, भोवती आदर, हवे तसे काम असे सारे तेथे होते. तोही विहार त्यांनी काही वर्षांत सोडला. आपल्या पुस्तकांतली परखड मते आणि दुसऱ्याच्या पैशाने उभी असलेली वास्तू यांचा मेळ फार काळ बसणार नाही, हे ओळखण्याइतके ते स्पष्टदृष्टीचे होते.

शेवटचा नकार मात्र वाचकाला अस्वस्थ करतो. सत्तरी जवळ आली, त्वचेच्या व्याधीने शरीर जर्जर झाले, आता आपल्याकडून काही काम होणार नाही अशी त्यांची खात्री पटली. जैन परंपरेतल्या सल्लेखनेविषयी त्यांना आदर होता; पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर त्यांनी लिहिलेच होते. १९४६ मध्ये उत्तर प्रदेशात दोहरीघाट येथे त्यांनी अन्नत्याग आरंभला. गांधीजींच्या आग्रहामुळे तो थांबवला, पण प्रकृती पुन्हा सुधारली नाही. अखेरीस सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी शांतपणे देह ठेवला. दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजी त्यांच्याविषयी बोलले. आपल्या मागे स्मारक उभारण्याऐवजी काही तरुणांना पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपात पाठवावे, एवढीच कोसंबींची इच्छा होती.

हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ प्रसिद्ध झाला तो १९५० मध्ये, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे नाव आहे आणि संशोधित आवृत्तीचे कर्ते म्हणून धर्मानंद कोसंबींचे. पण मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांनीच सिद्ध केलेली त्या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० मध्येच काढली होती, आणि बापट यांच्यासारखे त्यांचे शिष्य तोवर पाली शिकवत होते.